व्यत्ययांची मोजणी

११ मार्च २०१३ रोजी लखनौच्या कॉल्विन तालुकदार्स महाविद्यालयात उत्तर प्रदेश शासनाच्या मोफत लॅपटॉप वाटपाचा प्रारंभ झाला. योजनेत सुमारे १५ लाख लॅपटॉप विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्यांत विंडोज ७ आणि उबुंटू अशा दोन्ही प्रणाली होत्या. पैकी विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली. उबुंटू मात्र अशा वयाच्या यंत्रावरही चालू शकते.

एवढ्या जुन्या लॅपटॉपविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. काही काम चालू नसता पंखा घोंघावतो, अक्षरे उशिरा उमटतात, आवाज अडखळतो. मग यंत्र म्हातारे झाले असे ठरवून ते मोडीत काढले जाते. हा निवाडा पुष्कळदा घाईचा असतो.

कळफलक, डिस्क यांसारख्या उपकरणांना प्रोसेसरचे लक्ष हवे असले की ती त्याला संकेत धाडतात. तो हातचे काम थांबवून त्यांची दखल घेतो. हाच व्यत्यय, अर्थात इंटरप्ट. आय.बी.एम.च्या १९८१ मधील संगणकात अशा ८ वाहिन्या होत्या. १९८४ मध्ये दुसरी चिप जोडल्यावर वापरण्याजोग्या १५ झाल्या. (सोळावी दोन चिपांना सांधण्यातच खर्ची पडली.) वाहिन्या अपुऱ्या पडू लागल्यावर एकीवर अनेक उपकरणे बसविण्यात आली, आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा तेथेच सापडते. एखादे उपकरण अखंड हाका मारीत राहिले व त्या कोणत्याच ड्रायव्हरने आपल्या मानल्या नाहीत, तर लिनक्स त्यांची मोजदाद करते. १,००,००० पैकी ९९,९०० हून अधिक हाका बेवारस ठरल्या की वाहिनीच बंद होते आणि नोंदीत ‘नोबडी केअर्ड’ अशी ओळ उमटते. शिक्षा मात्र त्याच वाहिनीवरील निरपराध उपकरणांनाही होते. टचपॅड निकामी झाला म्हणून तो लगेच बदलू नये, ते यासाठी.

उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘प्रोक’ निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्स’ ही फाईल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचावी. आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे असल्याने त्यांच्या मोठेपणाला घाबरू नये. दोन वाचनांतील फरक तेवढा पाहावा. घड्याळाची ओळ वाढणारच. कळफलक व माऊस यांना हात न लावता दुसरी एखादी ओळ हजारोंनी फुगत असेल, तर उजवीकडे लिहिलेली नावे संशयित समजावीत. त्यांपैकी एकेकाचा ड्रायव्हर काढून पुन्हा मोजावे. ओळीवर ‘एसीपीआय’ असे नाव असल्यास बॅटरी, चार्जर वा झाकणाच्या कळीकडे वळावे. निघण्याजोगी बॅटरी काढून यंत्र केवळ चार्जरवर चालवून पाहावे. ‘आयआरक्यूपोल’ हा पर्यायही सुचविला जातो, परंतु त्याने दोष झाकला जातो आणि यंत्र मंदावते.