आउटडोअर शूटचा वरखर्च: कोणी किती सोसायचा?

७ जून २०२१पासून मुंबई राज्याच्या कोविड निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरात आली आणि अंधेरीत फोटोग्राफरांकडे पुन्हा विचारणा सुरू झाली. तिथल्या आरामनगरात ऑडिशन देणाऱ्यांना पोर्टफोलिओ हवा होता, पुढे ढकललेली लग्नं एकदाची उरकायची होती. पण २०१९चं दरपत्रक समोर ठेवून सौदा केला, तर फोटोग्राफर आणि ग्राहक दोघंही गोत्यात येणार होते.

सगळ्यात महाग झाला होता तो उजेड. सार्वजनिक जागा आणि मैदानं सकाळी ५ ते ९ एवढाच वेळ खुली होती. संध्याकाळी ५पर्यंत जमावबंदी होती, त्यानंतर संचारबंदी. शूटिंगला परवानगी होती ती ‘बबल’मध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क न ठेवणाऱ्या गटात, आणि पाचनंतर बाहेर हालचाल करता येत नव्हती. जूनमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासातनंतर मावळतो. म्हणजे संध्याकाळचा सोनेरी उजेड पूर्ण हातचा गेला. उरले सकाळचे तीन तास. त्यातून मेकअप आणि कपडे बदलणं वजा करा, वर पावसाची एखादी सर धरा. दोन तास कॅमेरा चालला तरी खूप. अशी बंधनं असली की ‘फुल डे’चा दर कोणी सांगितला तर मान्य करू नका. दर सेशनचा ठरवा आणि त्यात किती लुक, किती एडिट केलेले फोटो, ते लिहून घ्या. चार लुक हवे असतील तर दोन दिवसांची सकाळ लागेल, असं फोटोग्राफरनेही आधीच स्पष्ट सांगावं.

सकाळची ही मुभा चालण्यासाठी, सायकलसाठी होती. ट्रायपॉड, रिफ्लेक्टर आणि पाच माणसं घेऊन जुहूच्या किंवा वर्सोव्याच्या वाळूत उतरलात आणि पोलिसांनी हटकलं, तर ‘आम्ही फिरायला आलोय’ म्हणता येणार नव्हतं. राज्याच्या तेव्हाच्या आदेशात मास्क नसल्याचा दंड ५०० रुपये होता, थुंकण्याचा १,०००. हे पैसे भरून सुटता येत होतं. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८खाली गुन्हा नोंदवला गेला तर मात्र गोष्ट वेगळी होती. तिथेही दंड फार तर हजार रुपये, पण शिक्षा सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत जाऊ शकत होती. करिअरच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलामुलींना एका समुद्राच्या फोटोसाठी या फेऱ्यात ढकलणं मला अजिबात पटत नव्हतं. त्याऐवजी सोसायटीची गच्ची किंवा आवार घ्या. सेक्रेटरींची लेखी परवानगी घ्या, शुल्क मागितलं तर पावती घ्या. गच्चीवर उजेडही चांगला मिळतो.

कोविड चाचणीचा खर्च तेव्हा आवाक्यात आला होता. राज्याने ३१ मार्च २०२१पासून आरटी-पीसीआरचे दर उतरवले: लॅबमध्ये जाऊन ५०० रुपये, घरी नमुना घेतला तर ८००. फोटोग्राफर, असिस्टंट, मेकअप, हेअर आणि मॉडेल अशी पाच माणसं धरली, तर २,५०० ते ४,००० रुपये. एप्रिलमध्ये शूटिंग पूर्ण थांबण्याआधीच्या आदेशात असा अहवाल १५ दिवस चालत होता. तेच माप धरून दोन सेशन एका चाचणीत बसवली, तर खर्च विभागला जात होता. असा खर्च असिस्टंटच्या खिशातून जाता कामा नये. तो कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवा.

प्रवासाचंही तसंच. लोकल तेव्हा सर्वांना खुली नव्हती. बोरिवलीहून अंधेरीला दहा रुपयांच्या तिकिटात येणारा असिस्टंट तेव्हा रिक्षाने येत होता. १ मार्च २०२१पासून रिक्षाचं किमान भाडं २१ रुपये होतं, पुढे किलोमीटरला १४ रुपये २० पैसे. साधारण १४ किलोमीटरला २०० रुपये होत होते, आणि पहाटे पाचच्या आत निघाला तर रात्रीचा पाव हिस्सा वर, म्हणजे अडीचशेच्या आसपास. परतीचे दोनशे वेगळे. ‘कन्व्हेयन्स’ म्हणून शंभराची नोट हातावर ठेवण्याचे दिवस गेले होते. मुंबईतल्या मुंबईत प्रवासाचा ई-पास लागत नव्हता. सर्वांत कडक निर्बंधांच्या पाचव्या स्तरातल्या जिल्ह्यात जायचं असेल तर लागत होता, आणि तो फुकट मिळत होता. पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातही उभं करायची गरज नव्हती.

अंतर पाळण्यासाठी नवी लेन्स घ्यायची गरज नाही. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स उभी धरली की दोन मीटरवरून डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस मावतो. पूर्ण उंचीचा फोटो हवा असेल तर साडेचार मीटर मागे जा. गच्ची निवडताना एवढी जागा आहे का ते पावलांनी मोजून घ्या. सॅनिटायझर हाताला लावा, तो पूर्ण वाळला की मगच लेन्सला हात लावा. काचेवर थेट फवारलंत तर कोटिंग खराब होऊ शकतं.

लग्नाला तेव्हा ५० माणसांची मर्यादा होती. फोटोग्राफर आणि व्हिडिओवाले त्या पन्नासात धरूनच पाहुण्यांची यादी करणं शहाणपणाचं होतं. एप्रिलमध्ये हाच आकडा २५ होता, लग्न दोन तासांत उरकायचं होतं आणि नियम मोडला तर ५०,००० रुपये दंड. तसे दिवस पुन्हा आले तर ॲडव्हान्सचं काय, हे आजच ठरवा. सरकारी आदेशामुळे तारीख रद्द झाली तर एक बदल विनाशुल्क, आणि दुसरी तारीख जमली नाही तर झालेला खर्च वजा करून बाकी रक्कम परत, ही अट दोघांनाही न्याय्य आहे. ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढं छापलं की विषय संपत नाही. काम करणंच अशक्य झालं तर करार रद्द ठरतो, असं भारतीय करार कायद्याचं कलम ५६ सांगतं आणि घेतलेला लाभ परत करायला कलम ६५ सांगतं.

बिलावर १८ टक्के जीएसटी लावला असेल तर नोंदणी क्रमांक पाहा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या फोटोग्राफरला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना कर आकारता येत नाही. वाद झालाच, तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ॲडव्हान्सची पावती आणि कोटेशन जपून ठेवा.