स्वखुशी आणि सक्ती : ढाक्याच्या शिवणकामगारांच्या निमित्ताने

अर्थशास्त्राच्या तासाला परदेशी दुकानांसाठी राबणाऱ्या मजुरांचा विषय निघाला, तेव्हा एका वर्गमित्राने विचारले, "त्या मुली कारखान्यात स्वखुशीने जातात ना? मग अन्याय कोठे आला?" मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढे कॅथलिक ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण वाचताना ध्यानात आले, की हा प्रश्न जुनाच आहे.

प्रथम घटना पाहू. ढाक्याजवळच्या साभार येथे 'राणा प्लाझा' नावाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले परवानगीवाचून चढवलेले. त्यांत तयार कपड्यांचे पाच कारखाने चालत. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला मोठ्या भेगा पडल्या. खालच्या मजल्यांवरील बँकेची शाखा व दुकाने बंद झाली. शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. न आल्यास पगार बुडेल अशी धमकी होती, असे वाचलेल्यांनी सांगितले. २४ तारखेला सकाळी वीज गेली, वरची जनित्रे सुरू झाली आणि नवाच्या सुमारास इमारत कोसळली. ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. एकाच भेगेखाली बँकेचा कारकून वाचतो आणि शिवणकामगार मरतो, ही गोष्ट मला त्या आकड्याहूनही बोलकी वाटते.

त्या मुली तो जिना स्वखुशीने चढल्या काय? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात याचीच फोड केली आहे. श्रम ही माणसाची स्वतःची वस्तू आहे. एवढेच पाहिले, तर तो हव्या त्या मोबदल्यात ते देऊ शकेल. परंतु श्रमावाचून गरिबाला जगताच येत नाही, आणि जगणे हे कर्तव्य आहे. म्हणून कराराच्या वर नैसर्गिक न्याय मानावा लागतो. गरजेपोटी किंवा त्याहून वाईटाच्या भीतीने मजुराने कठोर अटी पत्करल्या, तर तो जबरदस्तीचाच बळी होय, असे ते सांगतात. मित्राच्या 'स्वखुशी'चे खरे नाव येथे सापडते. मजुरांच्या संघटना करण्याच्या हक्काचाही याच परिपत्रकात पुरस्कार आहे. राणा प्लाझातील कारखान्यांत संघटना असती, तर भेग दाखवून दाराशीच थांबण्याचे बळ कुणाला तरी आले असते.

पण दोष केवळ तिथल्या मालकाचा काय? १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्झेर्चेन्स'मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'अप्रत्यक्ष मालक' ही कल्पना मांडली. (तारुण्यात, नाझी अंमलाखालील पोलंडमध्ये, त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात काम केले होते, पुस्तकी माणसाला ही कल्पना सुचली असती की नाही, मला शंका आहे.) मजुरीच्या अटी ज्यांच्या धोरणाने ठरतात, ते सारे, म्हणजे सरकारे, संस्था, व्यापाराची व्यवस्था, या शब्दात येतात. दर शर्टामागे भाव पाडून घेणारी दूरदेशीची पेढी मला यात उघड दिसते.

येथे एक कबूल केले पाहिजे. या कारखान्यांनी लाखो खेड्यातील मुलींच्या हाती प्रथमच स्वतःचा पैसा दिला. कारखाने बंद पडावेत असे त्यांना वाटत नाही, आणि परिपत्रकेही तसे सांगत नाहीत.

मे २०१३ मध्ये इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. दोनशेहून अधिक परदेशी कंपन्यांनी तो कायद्याने बंधनकारक म्हणून स्वीकारला. अप्रत्यक्ष मालकाला सहीला बसवले गेले, म्हणायचे. मात्र त्या कराराचा विषय इमारत आणि आग एवढाच होता. मजुरी त्यात नव्हती. राणा प्लाझातील मजुरांना महिन्याला ३८ युरो मिळत, हे ऐकून पोप फ्रान्सिस यांनी १ मे २०१३ रोजी त्याला गुलामीचे श्रम म्हटले होते. बांगलादेशातील शिवणकामगारांचे किमान वेतन तेव्हा ३००० टका होते. त्या वर्षअखेर ते ५३०० झाले, तेही मजूर रस्त्यावर उतरल्यावर.