चोरून खाणे व वजनाचा हिशेब

प्रस्तुत धड्याचा विषय पुष्कळांस क्षुल्लक वाटेल, आणि कित्येकांस तो वाचताना संकोचही होईल. मद्यपानाविषयी व तंबाखूविषयी आपण सभांतून उघडपणे बोलतो. परंतु खाण्याविषयी, आणि त्यातही लपून खाण्याविषयी, कोणी बोलत नाही. ज्याचे वजन वाढले आहे त्यास लोक हसतात किंवा उपदेश करितात. त्याचे म्हणणे मात्र कोणी विचारीत नाही. यास्तव पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण ह्या कारखान्यांच्या पट्ट्यातील कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून ह्या गोष्टीचा आपण शांतपणे विचार करू.

चोरून खाणे म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. भूक लागली म्हणून एकट्याने खाल्ले तर ते चोरून खाणे नव्हे. रात्रपाळीचा कामगार पहाटे दोन वाजता एकटाच डबा उघडतो, त्यात वावगे काही नाही. परंतु आपण खाल्ले हे दुसऱ्यास कळू नये अशी इच्छा खाण्याबरोबरच उत्पन्न होते, कागदाचा बोळा करून गटारात टाकिला जातो, तोंड पुसले जाते, आणि घरी गेल्यावर 'आज दुपारपासून पोटात काही नाही' असे सांगितले जाते, तेव्हा ते चोरून खाणे होय. नीतिसूत्रांच्या नवव्या अध्यायात गुप्तपणे खाल्लेल्या भाकरीच्या गोडीचा उल्लेख आहे, तो वाचकांस ठाऊकच असेल. म्हणजे मनुष्याची ही खोड कालची नव्हे.

नवे आहे ते आमच्या पट्ट्यातील राहणीमान. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागाहून आकुर्डी व भोसरी गजबजली. १९८२ साली महानगरपालिका झाली. आणि ह्या शतकात चाकणच्या भोवतालच्या खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, नाणेकरवाडी अशा शेतकरी गावांच्या शिवारात मोटारींचे कारखाने व त्यांस सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग उभे राहिले. शेतात राबलेल्या बापाचा मुलगा आता आठ तास यंत्रापुढे उभा राहतो किंवा संगणकापुढे बसतो. ताटातील भाकऱ्यांची संख्या मात्र बापाचीच राहिली. १९४८ च्या कारखाने कायद्यात अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यासाठी उपाहारगृहाची तरतूद झाली, आणि त्याच्या व्यवस्थेत कामगारांस प्रतिनिधित्वही मिळाले. ते उत्तमच झाले. पण पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर जी हातगाडी उभी असते, तिचा हिशेब कोणत्याही वहीत नसतो.

त्या हातगाडीपाशी काय घडते ते पाहा. घरी मधुमेहाचे निदान झाले आहे. बायको बिचारी दीड भाकरी मोजून वाढते, भात अर्धी वाटी देते, स्वतःच्या ताटातही भात घेत नाही. गृहस्थ मुकाट्याने जेवून उठतो. परंतु घरी येण्यापूर्वी, कंपनीची बस येईपर्यंत, त्याने दोन वडापाव व साखरेचा चहा घेतलेला असतो. एका वडापावात सुमारे ३०० उष्मांक धरले, तर दोहोंत ६०० झाले. महिन्याच्या सव्वीस पाळ्यांचे १५,६०० झाले. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. शरीराचे गणित इतके सरळ चालत नाही, हे खरे. तथापि बायकोने वाचविलेली अर्धी भाकरी कोठे गेली, हे समजण्यापुरते ते पुरे आहे.

ह्यात वजनाहूनही मोठा धोका आहे, व तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डॉक्टर विचारतात, 'पथ्य पाळता ना?' उत्तर येते, 'हो, पाळतो.' रक्तातील साखर तर चढलेली. डॉक्टरांनी काय समजावे? औषध अपुरे पडते असे समजून ते गोळी वाढवितात, किंवा इन्सुलिनचे प्रमाण वाढवितात. आता ते वाढविलेले औषध त्या लपविलेल्या वडापावांवर बेतलेले आहे, हे त्या दोघांपैकी एकासच ठाऊक असते. पुढे एखाद्या दिवशी गाडीवाला आला नाही, किंवा ह्याने मनाचा निग्रह करून खाणे टाळिले, तर साखर एकाएकी उतरते. हातपाय कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तो मनुष्य त्या वेळी प्रेसवर काम करीत असेल, किंवा नाशिक रस्त्यावर दुचाकी चालवीत असेल. खोटे उत्तर दिले ते केवळ लाजेने. परिणाम मात्र प्राणावर बेततो.

पुरुषांचे फाटकाबाहेर, तर स्त्रियांचे स्वयंपाकघरात. आपल्या घरांत बाई सर्वांस वाढून शेवटी जेवते. ती पंक्तीत फारसे घेत नाही, म्हणून सर्वांस वाटते की हिचे खाणे चिमणीएवढे. पण मुलांच्या ताटातील उरलेले टाकवत नाही म्हणून उभ्याउभ्या खाल्लेले, तळताना चव पाहण्यास घेतलेले, दुपारी घर शांत झाल्यावर डब्यातून काढलेले फरसाण, हे कोणी मोजीत नाही. तीही मोजीत नाही. सासूबाई 'एवढेसे खाऊन इतकी कशी सुटली' असे म्हणतात, त्याने ती अधिकच लपवू लागते. अशा बाईस खादाड म्हणणे हा अन्याय आहे. दिवसभरात तिच्या वाट्यास स्वस्थपणे बसून घेतलेले एकही जेवण येत नाही, हे त्या घराने आधी पाहावे. चाकणला खोली घेऊन राहणाऱ्या तरुणांची तऱ्हा तिसरीच: मेसचा डबा अर्धा तसाच ठेवावयाचा आणि रात्री अकराला भ्रमणध्वनीवरून बिर्याणी मागवावयाची. रात्रपाळीने व अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि रात्री खाल्लेल्या अन्नातील साखर शरीर दिवसाइतकी नीट जिरवू शकत नाही. तेव्हा ह्या पोरांस नुसता दोष देऊन भागणार नाही.

येथे कोणी विचारील, की जो सांगतो 'मी फार खात नाही' तो प्रत्येक जण खोटे बोलतो काय? नाही. १९९२ साली न्यूयॉर्क येथील डॉक्टरांनी अशा दहा लठ्ठ व्यक्तींची कसून तपासणी केली, की ज्यांचे म्हणणे आपण दिवसास १,२०० हून कमी उष्मांक घेतो, तरी वजन उतरत नाही. त्यांच्या शरीराची ऊर्जा खर्च करण्याची शक्ती मंद असेल अशी शंका होती. ती तर ठीकच निघाली. शास्त्रीय रीतीने मोजता असे आढळले, की आपले खाणे त्यांनी सरासरीने ४७ टक्के कमी सांगितले होते, आणि आपली हालचाल ५१ टक्के अधिक. हे लोक लबाड नव्हते. जे लपवून खाल्ले जाते ते आधी दुसऱ्यापासून लपते आणि मग स्वतःच्या स्मरणातूनही निघून जाते. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपण इतरांस लावून हसतो. पण एकादशी करणाऱ्यास दुप्पट खाल्ल्याचे खरोखरच आठवत नसते.

ही गाठ सुटते कशी, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्याजोगे आहे. न्यूयॉर्क शहरात जीन नायडेच नावाची एक गृहिणी होती. १९६१ साली तिचे वजन २१४ पौंड, म्हणजे सुमारे ९७ किलो होते. ती शहराच्या आरोग्य खात्याच्या लठ्ठपणावरील दवाखान्यात जाऊ लागली. आहाराचा तक्ता मिळाला, वजनही उतरू लागले. परंतु तिला चॉकलेटच्या बिस्किटांची ओढ होती, आणि ती पुडे न्हाणीघरातील मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून ठेवून रात्री खात असे. दवाखान्यातील बाईंस हे सांगण्याचे धैर्य तिला होईना. तेव्हा तिने आपल्या सहा लठ्ठ मैत्रिणींस घरी बोलाविले आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची गोष्ट सांगून टाकिली. कोणी नाक मुरडले नाही. उलट एकेकीने आपापली लपविण्याची जागा सांगितली. त्या दर आठवड्यास जमू लागल्या. १९६२ च्या ऑक्टोबरात तिचे वजन १४२ पौंडांवर आले, आणि १९६३ साली त्या बैठकीतूनच 'वेट वॉचर्स' ही संस्था निघाली. पुढे ती मोठा व्यापार झाली, ते आपल्यास नको. ध्यानात घेण्याजोगे एवढेच, की तक्ता तिला दवाखान्याने दिला होता. उणीव होती ती ज्यास खरे सांगता येईल अशा कानाची.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी 'दीक्षित की दिवेकर' हा वाद घरोघर रंगला होता, तो वाचकांस आठवत असेल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) ह्यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी सांगितले, की दिवसातून दोनदाच जेवावे व प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे. ऋजुता दिवेकर ह्यांचे म्हणणे, की घरचे साधे अन्न थोडे थोडे व अधिक वेळा खावे. ह्या वादात निवाडा देण्याचा ह्या धड्याचा हेतू नाही. पण एक गोष्ट त्या गदारोळात झाकली गेली असे वाटते: दोन वेळा जेवणारा असो की सहा वेळा, जे खाणे कोणत्याच पद्धतीत मोजले गेले नाही ते चोरून खाल्लेले, आणि त्यापुढे दोन्ही पद्धती लंगड्या पडतात. डॉ. दीक्षितांच्या योजनेतील अधिक मोलाचा भाग, आमच्या मते, पंचावन्न मिनिटांचा नव्हे. आरंभीच रक्ताची तपासणी करावयाची, पुढे ठराविक काळाने पुन्हा करावयाची, आणि भ्रमणध्वनीवरील गटात आपला अनुभव इतरांस कळवीत राहावयाचा, ही जी हिशेब देण्याची शिस्त आहे, तिने पुष्कळांस आधार दिला. (जे इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी व वाढत्या वयाच्या मुलांनी, डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा तोडू नयेत.)

त्या तपासणीपैकी एचबीए१सी नावाची जी आहे, ती समजून घेण्याजोगी आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि जितकी साखर रक्तात फिरते त्या मानाने ती त्या पेशींतील रंगद्रव्यास चिकटून बसते. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी उपवास केला तरी मागील दोन-तीन महिन्यांचा जमाखर्च तेथे लिहिलेला सापडतो.

आता सांगावे कोणास? पहिले उत्तर बहुधा येते, 'बायकोस' किंवा 'नवऱ्यास'. लपविलेली गोष्ट घरी कळली पाहिजे, ह्यात शंका नाही. परंतु रोजचा हिशेब घेण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये. घरचे माणूस लवकरच फौजदार बनते, खिसे तपासू लागते, आणि ज्यापासून सुटावयाचे तेच लपविणे दुप्पट होते. त्यापेक्षा आपल्याच पाळीतील, आपल्याच आळीतील, शक्य तर त्याच खोडीचा एखादा सोबती धरावा. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांपाशी कबुली देण्याविषयी जे आहे, त्यात एक वरिष्ठ व दुसरा अपराधी अशी मांडणी नाही. दोघेही सांगणारे व दोघेही ऐकणारे आहेत. सोबत्याने तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्या: थट्टा, दंड, आणि ऐकलेले बाहेर सांगणे. शेवटची चूक एकदा झाली की तो मनुष्य पुन्हा तोंड उघडणार नाही.

सांगावयाचे ते किलो नव्हे, खाणे. वजन पाण्याने व मिठानेही आठवड्यास किलोभर खालीवर होते. काटा पाहून आनंदणारा दुसऱ्या दिवशी काटा पाहूनच खचतो आणि पुन्हा गाडीपाशी जाऊन उभा राहतो. म्हणून काट्यावर आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी उभे राहावे. खाल्लेले मात्र रोज, खाल्ल्याबरोबर लिहावे. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांच्या एका पाहणीत असे दिसले, की जे रोज खाण्याची टिपणे ठेवीत त्यांचे वजन, मुळीच टिपणे न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरले. वही सुंदर नको. पंचांगाच्या मागील कोरे पानही चालेल. ज्यास लिहिता येत नाही त्याने सोबत्यास संध्याकाळी दोन वाक्ये सांगावी. पहिल्या पंधरवड्यात खाणे कमी करण्याचा प्रयत्नही करू नये, फक्त लपवू नये. वडापाव खावयाचा तर चारचौघांत, बसून, कागदावर नोंद करून खावा. तो तसा खाताना अर्धी ओढ आपोआप उतरते, असे पुष्कळांस आढळून येईल.

धडा घेणाऱ्यांनी येथे सभेस एक प्रश्न जरूर विचारावा: आमच्यापैकी कोणी कबूल केले, तर आम्ही त्याचे काय करू? लग्नघरी जाड माणसास आग्रहाने तिसरी जिलेबी वाढावयाची आणि तो उठून गेल्यावर त्याच्या पोटावर बोलावयाचे, ही आमची रीत चालू असेतोवर लोक लपूनच खातील.

सडपातळ मंडळींनीही हा धडा दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचे एक छायाचित्र २००४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय पत्रात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन ह्यांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. आपल्या लोकांची चरबी हातापायांवर न दिसता पोटात साठते. यासाठी काट्याबरोबर शिंप्याची फीतही जवळ ठेवावी: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रीची ८० च्या पुढे गेली, तर तपासणी करून घ्यावी.

शेवटी एक भेद सांगितला पाहिजे. काही जणांचे चोरून खाणे ही निव्वळ सवय नसते. भूक नसता, घाईघाईने, पोट दुखेपर्यंत खाणे. लाजेने एकटेच खाणे. खाताना हात थांबविता न येणे, आणि मागाहून स्वतःची किळस वाटणे. असे आठवड्यातून एकदा तरी व तीन महिने चालले, तर तो आजार मानिला जातो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ पासून त्यास स्वतंत्र आजार म्हणून नोंदविले आहे, आणि त्यावर बोलण्याचे उपचार व औषधेही आहेत. तेथे सोबती व वही पुरणार नाहीत. उपवास तर मुळीच सुचवू नये, कारण कडक उपवासानंतर हा झटका अधिक जोराने येतो. अशा व्यक्तीस मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. प्रत्यक्ष जाण्याची लाज वाटत असेल, तर सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेस १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तेथे मराठीतून बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि पहिले वाक्य 'मी लपून खातो' एवढेच असले तरी चालते.