सर्व्हरची साठवण बदलताना नोंदी कशा जपाव्यात?

दाखल-खारीज रजिस्टर हा शाळेचा सर्वांत मौल्यवान दस्तऐवज होय. जातपडताळणीच्या वेळी अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा जुन्या शाळेतील आजोबांच्या नावाची एक ओळ नातवाचे शिक्षण तारून नेते. अशी रजिस्टरे आता स्कॅन होऊन सर्व्हरवर जात आहेत. म्हणून त्या सर्व्हरची साठवण-रचना बदलण्याची रीत मुख्याध्यापक, लिपिक आणि पालकांनाही ठाऊक असावी.

युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी घडविली. लिनक्स तिच्याच धर्तीवर बेतलेली आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली हे लिनक्सचेच एक रूप. या प्रणालींत कोणती फाइल डिस्कवर कोठे आहे, याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. सूची फाटली की कपाटातील कागद शाबूत असूनही सापडत नाही. येथेही तसेच घडते.

पहिली पायरी प्रतीची. एक संपूर्ण प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी, दुसरी शाळेबाहेर ठेवावी. प्रतीतून काही फाइली परत काढून उघडून पाहाव्यात; मराठी नावे शाबूत आहेत का, हेही तपासावे.

दुसरी पायरी, कामकाज थांबवून फाइल सिस्टिम अनमाउंट करावी, म्हणजे वापरातून सोडवावी, आणि मगच ‘एफएससीके’ आज्ञेने तपासावी. वापरात असताना दुरुस्ती केल्यास ती अधिकच बिघडू शकते.

तिसरी पायरी, रचनेची मर्यादा जाणावी. ‘ईएक्सटी४’ वाढविता येते आणि अनमाउंट करून लहानही करता येते. ‘एक्सएफएस’ वाढविता येते, पण ती लहान होईल असे गृहीत धरू नये. लहान करताना आधी फाइल सिस्टिम, मग डिस्कवरील विभाग. वाढविताना याच्या उलट. क्रम चुकल्यास नोंदी नष्ट होऊ शकतात.

चौथी पायरी ‘एफएसटॅब’ फाइलची. सर्व्हर सुरू होताना कोणती साठवण कोठे जोडायची, ते तीत लिहिलेले असते. तिची जुनी प्रत राखून बदल करावा, साठवण यूयूआयडी या ओळखक्रमांकाने नोंदवावी आणि सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वी ‘माउंट -ए’ आज्ञेने बदल पारखावा.

आपल्या मूर्तिजापूरकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. यूपीएसची बॅटरी आधीच तपासावी. काम झाल्यावरही जुनी प्रत महिनाभर पुसू नये.

आपल्या पूर्वजांच्या नोंदी इतिहासाने फारशा जपल्या नाहीत. ज्या हाती लागल्या, त्या आपल्या निष्काळजीपणाने जाऊ नयेत.