स्मृतीची आठ कारणे आणि आयुर्वेदाचे अध्यापन

प्रज्ञापराधाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी धी, धृती व स्मृती या तिहींच्या भ्रंशाचा निर्देश केला आहे. त्यामुळे स्मृती हा केवळ परीक्षार्थींचा विषय ठरत नाही. रुग्णासमोर बसलेल्या वैद्यास योग्य द्रव्य किंवा त्याचा निषेध वेळेवर न आठवल्यास त्याचे फळ रुग्णास भोगावे लागते. तरीही परीक्षेपूर्वी मुखोद्गत केलेली सूत्रे विद्यार्थी काही महिन्यांतच विसरतात, हा अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. या प्रश्नाचा शास्त्र व आधुनिक मानसशास्त्र या दोहोंच्या आधारे विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रोक्त विचार

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील प्रथम अध्यायात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. तेथील संदर्भ मोक्षविचाराचा आहे, हे विसरता कामा नये. तथापि अध्यापकाने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट त्यात आहे. अभ्यास आणि पुनःश्रुत ही दोन कारणे तेथे स्वतंत्रपणे गणली आहेत. चक्रपाणींच्या टीकेनुसार, विस्मृत झालेल्या विषयाचा एक अंश पुन्हा कानी पडताच उरलेला विषय आठवणे, असा पुनःश्रुताचा आशय आहे. म्हणजे संपूर्ण पाठ पुन्हा ऐकवणे आवश्यक नाही. अंश गुरूने द्यावा व शेष शिष्याने स्मरावा.

आधुनिक प्रयोग

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. तीच यादी पुन्हा पाठ करताना होणारी श्रमाची बचत त्यांनी मोजली. ही बचत २० मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के व ३१ दिवसांनंतर २१ टक्के आढळली. विस्मृतीचा वेग आरंभीच सर्वाधिक असतो, हा त्याचा अर्थ होय.

अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा त्यांनी एकदा वाचून नंतर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचलेला उतारा अधिक स्मरला (८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के). आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले : दोनदा वाचलेल्या उताऱ्यातील ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातील ५६ टक्के मजकूर स्मरला. पुनर्वाचनाने विषय परिचित वाटतो. तो टिकतो स्मरणाच्या प्रयत्नाने.

अध्यापनातील उपयोजन

१. गटबंधन : दीपनीय महाकषायात पिप्पली, पिप्पलीमूळ, चव्य, चित्रक, शृंगवेर, अम्लवेतस, मरिच, अजमोदा, भल्लातकास्थि व हिंगुनिर्यास ही दहा द्रव्ये आहेत. शृंगवेर हे शुंठीच्या रूपाने घेतल्यास पहिली पाच म्हणजे आपले परिचित पंचकोलच होय. विद्यार्थ्याने हे ओळखल्यास लक्षात ठेवण्याजोगी नवीन द्रव्ये पाचच उरतात.

२. अंशदान : तासाच्या आरंभी मागील सूत्राचे पहिले पद उच्चारून पुढील भाग विद्यार्थ्यांकडून पुस्तक मिटून वदवून घ्यावा. चूक लगेच दुरुस्त करावी. गुण देऊ नयेत, म्हणजे भीती उरत नाही.

३. अंतराल : शिकवलेला विषय दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा विचारावा. एकाच रात्री दहा वेळा घोकण्यापेक्षा हे अधिक टिकाऊ ठरते.

४. सादृश्य व विपर्यय : आमवात व वातरक्त, किंवा ग्रहणी व अतिसार, असे विषय शेजारी ठेवून त्यांतील साम्य व भेद विद्यार्थ्यांनीच सांगावेत.

५. योग्या : सुश्रुताचार्यांनी छेद्यकर्माचा अभ्यास कोहळा, भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर करण्यास सांगितले आहे. जे हाताने करावयाचे ते हातानेच शिकावे. त्याचप्रमाणे सूत्राचे स्मरणही वर्गापुरते न ठेवता रुग्णपरीक्षणाच्या वेळी करवून घ्यावे, म्हणजे रुग्णाचे लक्षण हेच पुढे त्याच्या स्मृतीचे निमित्त बनेल.

पाठांतराची परंपरा टाकून देण्याचे कारण नाही. केवळ पुनरुच्चारावर न थांबता तिला स्मरणाच्या प्रयत्नाची जोड द्यावयास हवी. यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटे पुरतात. अध्यापक वैद्यांनी एका सत्रापुरता हा क्रम अवलंबून पाहावा, अशी नम्र सूचना आहे.