बळी हवा की नको?

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती आहोत. महाशिवरात्रीला नातेवाईक देवमोगऱ्याला याहामोगी मातेला बोकड, कोंबडं, महुआची दारू वाहतात. बायबलमध्ये लेवीयात बळीचे नियम आहेत. यिर्मया ७:२२ मात्र म्हणतो, मिसरातून आणताना देवाने होमबलींविषयी आज्ञाच दिली नव्हती. खरं काय? – एक वाचक, तळोदा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पण २२वी ओवी सुटी वाचू नका. त्याच अध्यायात ९व्या ओवीपासून यिर्मया चोरी, खून, व्यभिचार करून मंदिरात निर्धास्त उभं राहणाऱ्यांना झापतो. पुढे ३३व्या अध्यायात हाच ग्रंथ याजकांचे होमबली चालू राहतील असंही म्हणतो. म्हणजे राग बळीवर नाही, बळीआड लपण्यावर आहे. ‘हे नको, ते हवं’ अशा ठसक्यात ‘त्याहून हे मोठं’ सांगायची इब्री संदेष्ट्यांची रीतच आहे. होशेय ६:६ तसंच वाचावं.

आता लेवीय ६ उघडा. शेजाऱ्याचं लुबाडलेलं असेल तर आधी ते परत करायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा, मगच मेंढा. आणि ५व्या अध्यायात गरिबाला मेंढीऐवजी दोन होले, तेही न जमल्यास थोडं पीठ चालतं! मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

स्तोत्र ५१ मधला पेच मात्र खरा आहे. १६व्या ओवीत बळी नको, १९व्या ओवीत गोऱ्हे हवेत. शेवटच्या दोन ओव्या यरुशलेम पडल्यानंतर जोडल्या, असं अनेक अभ्यासक मानतात. मलाही ते पटतं.

इब्री लोकांस पत्रानुसार ख्रिस्ताचं अर्पण एकदाच झालं, म्हणून तुम्ही बळी देत नाही. संदेष्टे मात्र स्वतःच्याच लोकांना बोलत होते. त्यांच्या ओव्या नातेवाइकांवर फेकू नका.