आपल्या माणसांचा शब्द

भ्रमणध्वनीवरील समाजमाध्यमांकडून माणसांना नेमके काय हवे असते? बंगळुरू शहराशी निगडित तीन घटना या प्रश्नावर प्रकाश टाकतात.

आयआयटी कानपूरच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी २०१५ साली ‘शेअरचॅट’ हे ॲप सुरू केले. त्याचे मुख्यालय बंगळुरूत आहे. तत्पूर्वी फेसबुकवर सचिन तेंडुलकरविषयीच्या एका चर्चेत त्यांना नवल दिसले होते. व्हॉट्सॲपच्या गटात प्रवेश मिळावा, म्हणून हजारो लोकांनी तेथे आपले दूरध्वनी क्रमांक उघडपणे लिहिले होते. समान आवडीच्या माणसांत मिसळण्याची ही ओढ त्यांनी हेरली. शेअरचॅटने इंग्रजीऐवजी मराठी, हिंदी, तेलुगू अशा भारतीय भाषांवर भर दिला. त्यावर सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, सुविचार आणि विनोद यांची देवाणघेवाण होऊ लागली. सुप्रभाताच्या चित्रात नवी माहिती काहीच नसते. ‘तुमची आठवण आहे’ एवढेच ते सांगते आणि तेवढेच पुरेसे असते.

तथापि, केवळ भाषेने माणसे टिकत नाहीत. बंगळुरूतच २०२० साली कन्नडपासून आरंभ झालेले ‘कू’ हे ॲप अनेक भारतीय भाषांत पोहोचले. परंतु मोठ्या कंपन्यांशी चाललेली भागीदारीची बोलणी फिसकटल्यावर जुलै २०२४ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. गावचा पार कितीही सुबक बांधला, तरी गप्पांना माणसे जमली तरच त्याला अर्थ येतो.

या ओढीची दुसरी बाजू याच शहराने त्यापूर्वी, ऑगस्ट २०१२ मध्ये अनुभवली होती. ईशान्य भारतातील लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा लघुसंदेशांतून पसरल्या. हजारो तरुण-तरुणींनी भयभीत होऊन गुवाहाटीची गाडी धरली. रेल्वेला विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. शासनाने एकाच वेळी अनेकांना धाडायच्या लघुसंदेशांवर पंधरा दिवसांसाठी पाचची मर्यादा घातली.

ओळखीच्या माणसाकडून, आपल्या भाषेत आलेला शब्द माणूस सहसा पारखून घेत नाही. ज्या विश्वासामुळे शुभेच्छा गोड लागते, त्याच विश्वासावर अफवाही स्वार होते. म्हणूनच संदेश पुढे धाडणारा प्रत्येक जण त्या शब्दाला जामीन राहत असतो.

पाठगत प्रश्न
१. सुप्रभाताचा संदेश लोकांना का आवडतो?
२. ‘शब्दाला जामीन राहणे’ याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.